काळ्या फडक्याचे बांबू

दिवा जरा बारीक कर, रोसाल्बा. घालवू नकोस. आज एकवीस जून, जगाच्या दक्षिण टोकाला आपल्या उश्वाइयातली वर्षातली सगळ्यात लांब रात्र, आणि वारा असा सुटलाय की तुम्ही पोरं काही एवढ्यात घरी जात नाही. तेव्हा बसा आणि ऐका. गोष्ट माझ्या अँसेल्मोमामाची. त्याच्या तोंडून शंभरदा ऐकली असेल, एकदाही फरक पडला नाही. थापाड्याला ते जमत नाही.

साल चोपन्न. मामा तेव्हा समुद्रापलीकडे, खाली दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात, आपल्या देशाच्या तळावर. खाडीच्या पलीकडे इंग्रजांचा तळ. आपण म्हणायचं जमीन आमची, ते म्हणायचे त्यांची. गाठ पडली की आधी एकमेकांच्या हातात निषेधाचा कागद द्यायचा, आणि मग एकाच टेबलाशी बसून ढोसायची. तोंडावर गोड, पाठीमागे नुसता संशय. परक्याचं निशाण दिसलं की उपटायचं, असा वरून हुकूमच होता.

मार्चमध्ये मामाला हिमनदीच्या खांद्यावर बांबू दिसले. ओळीने रोवलेले, टोकाला काळं फडकं.

"आले बघा साहेब कुंपण घालायला," मामा म्हणाला, आणि सगळे उपटून आणले. वाटेवरच्या आसऱ्याच्या खोलीत स्टोव्हच्या वर आडवे बांधून टाकले, मोजे वाळत घालायला. केवढा पराक्रम!

पुढच्या महिन्यात इंग्रजांनी रेडिओवर विचारलं, आमचा पेटिफर तुमच्याकडे आलाय का? पेटिफर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. लाल दाढीचा, हसरा. पहिल्यांदा आला तेव्हा सगळ्यांत फिरणारं येर्बाच्या कडू चहाचं भांडं एकदा नळीने ओढलं आणि 'आभारी आहे' म्हणाला. झालं! पुढची सगळी फेरी बिचारा कोरडा. आपल्यात आभार मानले की पुरे झालं, हे त्याला काय ठाऊक? सगळ्यांचं पोट धरून हसून झाल्यावर मामानेच त्याला सांगितलं, "साहेब, पाहिजे तोवर गप्प राहून भांडं परत द्यायचं."

पण रेडिओवरचा प्रश्न ऐकला आणि आपल्या कमांडरला वेगळाच वास आला. "आपली माणसं किती, कुठे, ते काढून घ्यायचा डाव आहे." उत्तर गेलं: कोणी आलेलं नाही, आणि आमच्या हद्दीत यायचं तर परवानगी घ्या. पुन्हा कोणी विचारलं नाही. मामालाही ते पटलं होतं.

मग उजाडला एकवीस जून. त्या दिवशी तिकडे सगळे तळ सण करतात, वैऱ्यालासुद्धा रेडिओवरून शुभेच्छा देतात. मामाला आसऱ्याच्या खोलीवर पाठवलं. स्टोव्ह पेटव, खिडकीत कंदील लाव, सिरियाको लांबच्या ठाण्यावरून कुत्र्यांची गाडी घेऊन येतोय. सिरियाको म्हणजे मामाच्या बहिणीचा नवरा. माझा बाप. मी तेव्हा आईच्या पोटात. इथून घरून निघताना आईने मामाचा हात धरून सांगितलं होतं, "ह्यांना घेऊनच परत ये. नाहीतर तूही येऊ नकोस."

संध्याकाळचे सहा. काळोख तर दुपारीच पडलेला. मामाने पाणी उकळलं, भांड्यात येर्बा भरली, तेवढ्यात दार वाजलं.

"या दाजी, लवकर आलात."

दाजी नव्हते. दारात पेटिफर उभा होता.

"अरे वा, साहेब! हरवला होतात ना तुम्ही?" मामा म्हणाला. "म्हणजे सोंगच होतं सगळं."

पेटिफर आत येऊन बाकावर बसला.

दारात आलेल्याला नाही म्हणायची आपली रीत नाही, मग तो कोणी का असेना. मामाने भांडं पुढे केलं. पेटिफर प्याला, गप्प राहून परत दिलं. चांगलाच शिकलाय, मामा मनात म्हणाला. पुन्हा भरलं. पुन्हा परत आलं. हाताला गार लागलं. आत उकळतं पाणी घातलेलं भांडं...

"काय पाहिजे तुम्हाला?"

...

"आमची माणसं मोजायला आलात?"

...

पेटिफर वर बघत होता. मोज्यांकडे. नाही, बांबूंकडे.

मामाची नजर खाली गेली. पेटिफरच्या बुटांवर बर्फ होतं. स्टोव्ह लालबुंद. बूट त्याला टेकलेले. खाली पाण्याचा थेंब नाही. एक थेंब नाही.

मामाने तिसऱ्यांदा भांडं भरलं. पेटिफरने ते घेतलं, टेबलावर ठेवलं आणि उठला. बांबूवरचे मोजे काढून बाकावर नीट ठेवले. एक बांबू सोडवला. दार उघडून निघून गेला.

दुसरा कोणी असता तर कडी घालून माउलीचा धावा करत बसला असता. पण संशय भीतीपेक्षा वाईट. हा पुन्हा कुंपण घालणार, एवढंच मामाच्या डोक्यात. खिडकीतला कंदील उचलला आणि मागे गेला.

चढ. वारा. पुढे ती पाठ. मामाचे पाय गुडघ्यापर्यंत रुतत होते. पुढच्याचे... उमटतच नव्हते.

खांद्यावर पाठ थांबली. बांबू रोवला. फडकं फडफडलं. मामाने कंदील वर धरला.

बांबूपाशी कोणी नव्हतं.

...

आणि पलीकडून कुत्री भुंकली.

गाडी उतारावरून सुसाट आली आणि बांबूशी गचकन थांबली. कुत्री खालीच बसली. उठेनात.

"मेहुण्या, हलू नकोस!" माझ्या बापाचा आवाज. "आहेस तिथेच थांब. समुद्रावरचं बर्फ फुटलंय म्हणून वरून आलो. तुझ्या कंदिलात हे फडकं दिसलं नसतं तर गेलोच होतो. इंग्रज भेगेच्या काठाला लावतात हे."

"भेगेच्या?" मामा म्हणाला.

बापाने चाबकाची काठी समोर खुपसली. दोघांच्या मधलं बर्फ पापुद्र्यासारखं खाली गेलं. पडल्याचा आवाज आलाच नाही.

मामा तिथेच मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला. मार्चमध्ये आपण काय उपटून आणलं, ते त्याला तेव्हा कळलं.

पेटिफर दुसऱ्या दिवशी सापडला. दोन्हीकडच्या माणसांनी मिळून दोराने वर काढला. त्याच भेगेतून, एप्रिलपासून गोठून पडलेला. त्या दिवशी निषेधाचा कागद कोणी कोणाला दिला नाही.

मी बापाचं तोंड बघितलं ते त्या एका बांबूमुळे. आणि मामा? तो जन्मभर नीट झोपला नाही.

हं, एक राहिलंच. त्या रात्री दोघं लांबून वळसा घालून खोलीत परत आले तेव्हा स्टोव्ह धडधडत होता. शेजारी टेबलावर ते तिसरं भांडं, तसंच. वरून खालपर्यंत गोठलेलं.

मामा दर एकवीस जूनला ते भरून ठेवायचा. म्हणायचा, त्याने अजून आभार मानलेले नाहीत, म्हणजे फेरी संपलेली नाही. मामा गेल्यापासून मी भरतो. ते काय, स्टोव्हपाशी. मघाशी तुमच्यादेखतच उकळतं पाणी ओतलं त्यात. रोसाल्बा, तू जवळ आहेस. बोट लावून बघ.

...

का गं? हात का काढलास?