एकतीस ग्रॅम

ही ऐकीव गोष्ट नाही. यातले आकडे माझ्या वहीतले आहेत.

११ फेब्रुवारी २००९. कोल्हापूर, आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा. टेबलावर सहा सर्किट, दोन बॅटऱ्या, पाच सौर पट्ट्या, चार अँटेना, एक सांगाडा, चोवीस स्क्रू. बेरीज ९४१ ग्रॅम. यातून वीतभरही नसलेला चौकोनी उपग्रह व्हायचा होता.

जोडणी माझ्या वर्गातल्या, आमच्याच गल्लीतल्या महांतेशने केली.

बंद उपग्रहाचं वजन भरलं... ९७२.

"आत काय घातलंस?"

"मोने, काटा बिघडलाय तुझा!" तो हसला. "किलोच्या आत हाय न्हवं? मग गप बस की."

मी वहीत ९७२ लिहिलं.

सप्टेंबरात उपग्रह कक्षेत गेला. चौथ्या दिवशी मलकापूरच्या रस्त्यावर अपघातात महांतेश गेला.

त्यांच्यात, लिंगायतांत, गळ्यातलं इष्टलिंग हातात देऊन माणसाला पुरतात.

त्याच्या गळ्यातली चांदीची डबी रिकामी होती.

"पोरी, त्येचं लिंग तुझ्यापाशी ठेवलंय व्हय?" त्याच्या आईने, शांतव्वाने, विचारलं.

एकतीस ग्रॅम. मला तेव्हा कळलं.

"वर आहे, मावशी."

"वर म्हंजे माळ्यावर? मग काढ की बाई!"

सहाशे किलोमीटर वर. मी काय काढणार?

शेवटी दुसरं लिंग देऊन माती झाली.

तिसऱ्या दिवशी रात्री पावणेनऊला उपग्रह आमच्या शिवाजी पेठेवरून जाणार होता. मी गच्चीवर संदेश घेणारा-पाठवणारा रेडिओ आणि लॅपटॉप लावून बसले. शांतव्वा मागून आल्या आणि शेजारी टेकल्या.

ठरलेला संदेश आला. नेहमीसारखा.

मग तो मध्येच थांबला.

आणि...

टक.

टक... टक.

पत्र्यावर आतून नख मारावं तसं.

मी तारा तपासल्या. अँटेना फिरवली. आवाज उपग्रहाबरोबर सरकत होता.

आमच्या उपग्रहात मायक्रोफोन नाही.

शांतव्वांनी स्पीकरला कान लावला. बराच वेळ ऐकलं.

"माझा हाय त्यो. दार उघड की गं त्येला."

"मावशी, दार नाही त्याला."

"मग आत कसा गेला?"

मी कीबोर्डवर हात ठेवून बसले. बंद कर, चालू कर, माहिती पाठव. एवढेच आदेश आम्ही लिहिले होते.

माहिती मागवली.

टकटक जोरात झाली... भरभर झाली... आणि उपग्रह क्षितिजाखाली गेला.

तो आवाज पुन्हा कधी आला नाही. मी मात्र अजून बंद डब्याला कान लावून बघते.

त्या फेरीत उपग्रह पृथ्वीच्या सावलीत होता. तापमानाची नोंद अशी, अंश सेल्सिअसमध्ये: बाहेरच्या पट्ट्या, उणे अठरा. बॅटरी, चार. मधला कप्पा, ३६.९.