दिवेलागणीला मिटणारा पडदा

यंत्रं लबाड असतात, असं दुरुस्तीवाल्याचं अनुभवाचं मत होतं. रात्रभर ठणकणारा दात डॉक्टरच्या खुर्चीत बसताच गप्प होतो, तसं घरी छळणारं यंत्र दुकानाच्या टेबलावर आलं की एकदम साळसूद होतं. काकूंच्या लॅपटॉपने नेमकं हेच केलं होतं. घरी त्याचा पडदा मध्येच काळा व्हायचा, थोड्या वेळाने आपोआप उजळायचा. दुकानात मात्र दोन दिवस चालू ठेवूनही त्याने एकदाही पापणी लववली नाही. तरी दुरुस्तीवाल्याने बिजागरीतून जाणारी पडद्याची केबल बदलली आणि छातीठोकपणे लॅपटॉप परत दिला. पडदा जातो-येतो म्हटलं की केबलच, दुसरं काय असणार! त्याच संध्याकाळी काकूंचा फोन आला. पडदा पुन्हा गेला होता.

म्हणून आज तो हत्यारांची पिशवी घेऊन स्वतःच त्यांच्या घरी आला होता. तीन जिने चढून दम लागला होता, आणि आपण दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला दिलं याची थोडी लाजही वाटत होती. दार काकूंनीच उघडलं. बारीक चणीच्या, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. पुस्तकांची मुद्रितं तपासायचं काम त्या वर्षानुवर्षं घरूनच करत. हिवाळ्यात काका गेले आणि त्यानंतर काम आणखीच वाढवून घेतलं, असं त्या पहिल्या भेटीत म्हणाल्या होत्या.

खिडकीशी टेबल होतं, आणि टेबलाला लागून दोन खुर्च्या शेजारी शेजारी. दुरुस्तीवाला डावीकडच्या खुर्चीवर बसायला गेला.

"तिथे नको..." काकू हळूच म्हणाल्या. "ते स्टूल घ्या ना."

त्याने स्टूल ओढलं. काकूंनी चहा आणून ठेवला आणि पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या.

"आज काय ते होऊन जाऊ द्या बरं का. लेक रोज संध्याकाळी व्हिडिओवर बोलते. मध्येच पडदा गेला की तिला वाटतं, आई पडली, आईला चक्कर आली. परवा तर रात्रभर झोपली नाही पोर. काल म्हणाली, आता एकदा जरी मध्येच गेलीस, तरी रविवारी येते, घराला कुलूप लावते आणि तुला घेऊन जाते."

"काळजीपोटी म्हणतात हो."

"काळजीपोटीच. म्हणून तर नाही म्हणता येत नाही." त्यांनी घरावरून नजर फिरवली. "पण मला हे घर सोडायचं नाही."

दुरुस्तीवाल्याने मान डोलावली. त्याची स्वतःची आई मोठ्या भावाकडे राहायला गेली, तेव्हा तिच्या खोलीला कुलूप त्यानेच लावलं होतं. काकूंचं म्हणणं त्याला लगेच समजलं.

"तुम्ही नेहमीसारखं काम करा," तो म्हणाला. "मी नुसता बघतो."

काकू कामाला बसल्या. डावा हात कळांच्या अलीकडच्या सपाट जागेवर टेकलेला, उजव्या हाताने एकेक ओळ खाली सरकवायच्या. बाहेर उजेड मंदावत चालला. खालच्या रस्त्यावरचे आवाज एकेक करून मिटले, आणि खोलीत फक्त कळांची टकटक उरली. दिवा लावावा असं दुरुस्तीवाल्याच्या मनात आलं, पण तो उठला नाही. एवढ्यात कुठूनसा सांधेदुखीच्या मलमाचा वास आला. उग्र, गार, ताजा चोळल्यासारखा.

पडदा काळा झाला.

काकू हलल्या नाहीत. दुरुस्तीवाला मात्र चटकन वाकला. त्याने बॅटरीचा झोत पडद्यावर तिरका धरला. पडद्यामागचा प्रकाश गेलेला असला तर अशा उजेडात चित्र अंधुक तरी दिसतं. इथे काहीच दिसलं नाही. मग त्याचं लक्ष कडेच्या बारीक दिव्याकडे गेलं. दिवा संथपणे विझत होता, पेटत होता.

"अरे! हा बिघडला नाहीये काकू, हा झोपलाय. झाकण मिटलं की झोपतो ना, तसा."

"झाकण तर उघडं आहे."

"आहे हो. पण त्याला डोळे कुठे आहेत? झाकणात लोहचुंबक असतं आणि इथे खाली, डाव्या हाताशी, एक चिमुकला सेन्सर. चुंबक जवळ आलं की त्याला वाटतं, मिटलं झाकण." तो स्वतःशीच हसला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! "चुंबकाचं कडं घालतात बघा काही जण, हात दुखतो म्हणून. तसलं काही हातात असलं की असंच होतं. तुमच्या डाव्या हातात काय आहे?"

काकूंनी मनगट वर केलं. मनगट मोकळं होतं.

दुरुस्तीवाल्याला आता कोड्याची गोडी लागली होती. चुंबक कुठून ओढतंय हे बघायला त्याने पिशवीतला सगळ्यात बारीक स्क्रू काढला आणि काकूंचा हात टेकायचा त्या जागेच्या कडेला ठेवला. स्क्रू आडवा पडून राहिला. काकूंनी हात पुन्हा खाली ठेवला. पडदा आता उजळला होता. दोघंही स्क्रूकडे बघत बसले.

मलमाचा वास पुन्हा आला, आणि स्क्रू उभा राहिला.

तो डोक्यावर उभा राहिला, थरथरला, काकूंच्या बोटांच्या कडेकडेने सरकत गेला आणि त्यांच्या हाताच्या पाठीच्या वर, हवेत, तसाच अडकून राहिला. पडदा काळा झाला. दुरुस्तीवाल्याच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"काकू..."

"घाबरू नका," काकू अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या. "कडं यांचं होतं. मनगट फार दुखायचं त्यांचं. शेवटी... काढू दिलं नाही मी कुणाला. त्यांच्याबरोबरच गेलं ते."

"तुम्हाला... ठाऊक होतं?"

"वासावरून कळलं होतं. होते तेव्हा रोज दिवेलागणीला यायचे, त्या खुर्चीत बसायचे, माझ्या हातावर हात ठेवायचे. 'पुरे आता, डोळे फुटतील,' म्हणायचे. आणि मी ऐकलं नाही की झाकणच मिटायचे." त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "सारं आयुष्य मी वैतागले त्यावरून. आता वाट बघत बसते."

स्क्रू टपकन खाली पडला. पडदा उजळला. दुरुस्तीवाल्याने गार झालेला चहा एका घोटात संपवला. निघून जावं, असं एक मन म्हणत होतं. पण या बाईंचं घर जाणार होतं आणि उपाय आपल्या पिशवीत होता, हेही त्याला कळत होतं.

"तो सेन्सर मी काढून टाकू शकतो," तो म्हणाला. "मग पडदा जाणार नाही. बोलणंही तुटणार नाही."

"आणि ते आले तर?"

"आले तरी... पडदा चालूच राहील."

"मग मला कळणार कसं हो?"

काकूंनी शेजारच्या खुर्चीकडे बराच वेळ पाहिलं. तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला.

"काढा," शेवटी त्या म्हणाल्या. "घरच गेलं तर ते येतील कुठे?"

त्याने लॅपटॉप पालथा घातला, तळ उघडला. सेन्सरच्या नखाएवढ्या तुकड्याला जोडलेली दोऱ्यासारखी पट्टी होती. एरवी त्याने ती चिमट्याने सहज उपटली असती. आज ती सोडवताना हात जड झाला. कुणाच्या तरी हातातून कुणाचा तरी हात सोडवून घेतो आहोत असं त्याला वाटलं, आणि फार वाईट वाटलं.

तळ बसवून लॅपटॉप सुरू होतोय तोच त्यावर लेकीचा फोन वाजला. कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून त्याने स्टूल भिंतीशी सरकवलं. आपण परत दुरुस्तीला कुणाला तरी बोलावलंय, हे काकूंना लेकीला कळू द्यायचं नव्हतं.

"आई, दिसतेयस गं आज. छान स्वच्छ दिसतेयस."

"मग! म्हटलं नव्हतं का तुला, काही झालेलं नाही म्हणून."

मायलेकी बोलू लागल्या. भाजी काय केलीस, गोळी घेतलीस का, आवाज बसलाय का तुझा. मलमाचा वास आला तेव्हा दुरुस्तीवाल्याने श्वास रोखून धरला. काकूंनी बोलता बोलता डावा हात उलटा केला, तळवा वर करून. पडदा लख्ख उजळलेला होता. जमलं, म्हणून दुरुस्तीवाल्याला हायसं वाटलं.

मग झाकण खाली येऊ लागलं.

बिजागरी त्याने स्वतः आवळली होती, चांगली घट्ट. तरी ते येत होतं. सावकाश, कुणी दोन बोटांनी हळुवार लोटावं तसं.

"आई, मिटतेयस का गं? मला नुसती टेबलाची कड दिसतेय..."

"मी नाही गं मिटत..."

लेक एकदम गप्प झाली. झाकण अर्ध्यावर आलं होतं आणि तिला तिथून काय दिसत होतं ते तिचं तिलाच ठाऊक. पुन्हा बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी लहान मुलीसारखा झाला होता.

"बाबा... थांबा ना. थोडंच बोलू द्या ना..."

झाकण थांबलं. क्षणभर तसंच राहिलं. मग अलगद, आवाजसुद्धा न करता, पूर्ण मिटलं.

काकू उघडायला झेपावल्या आणि तिथेच थांबल्या. सेन्सर नव्हता, त्यामुळे आपण मिटलोय हे लॅपटॉपला कळलंच नव्हतं. कडेच्या फटीतून उजेडाची एक रेघ येत होती, आणि आतून लेकीचा आवाज येत होता.

"हं... हो, जेवते वेळेवर."

मग शांतता. कुणीतरी बोलत असावं आणि लेक ऐकत असावी, तेवढा वेळ.

"नाही हो, रागावून नाही म्हटलं मी तिला. एकटी असते म्हणून जीव टांगणीला लागतो..."

पुन्हा शांतता. दुरुस्तीवाल्याने कान टवकारले. खोलीत काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

"बरं," लेक आता रडत होती. "नाही नेत. राहू दे तिला तिथेच. तुम्ही आहात ना... मग मला काही म्हणायचं नाही."

काकूंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्यांचे खांदे हलत होते. दुरुस्तीवाल्याचेही डोळे भरून आले. आवाज न करता निघावं म्हणून त्याने पिशवीचा बंद धरला.

"कोण?" आत लेक म्हणाली. "भिंतीशी?... स्टुलावर?"

दुरुस्तीवाला होता तिथेच खिळला.

"हो का. अजून बसलेत?... बरं बरं. मग मी हळू बोलते."

आवाज खाली गेला. आणखी खाली गेला, आणि मग फटीतल्या उजेडाशिवाय काही उरलं नाही.