कोरा कागद उन्हात

त्या घरात एक नियम होता, आणि तो का आहे हे विचारायचं नाही, हाही नियमच होता. गच्चीवर कोरा कागद उन्हात ठेवायचा नाही.

नकाशांच्या निळ्या प्रती काढून देणं हा त्या घराचा जुना धंदा. रसायन फासलेला पोपटी कागद, त्यावर नकाशा, वर काच, आणि गच्चीवरचं ऊन. धुतल्यावर ऊन लागलेला भाग निळा होतो, सावलीतला पांढरा राहतो. पुढे यंत्रं आली, धंदा उठला. नियम तेवढा ठाण मांडून बसला.

घरातली मुलगी कलेचं शिक्षण घेऊन परतलेली. बोलली की समोरच्याला चटका बसायचा, म्हणून काकांनी तिचं नाव ठिणगी पाडलं होतं. शहरातल्या प्रदर्शनासाठी तिला बारा निळी चित्रं हवी होती. ती पसंत पडली तर तिथेच काम मिळणार होतं, आणि या घरातून सुटका. पण तिच्या चित्रांत पान नव्हतं, फूल नव्हतं, रेघही नव्हती. नुसता निळा रंग, आणि त्यात मिठाचे, साबणाच्या फेसाचे पसरट डाग. म्हणजे कोरा कागदच.

तिनं एकदा कारण विचारलं. बाबांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता सांगितलं, विचारायचं नाही म्हटलं ना. मोठ्यांना उत्तर येत नसलं की ते नियम सांगतात, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. दुसऱ्या दिवशी बाबा आणि काका कामावर गेले, काकू आडवी झाली, आणि ठिणगीनं खुंटीवरची गच्चीची किल्ली उचलली.

भर दुपार. पाय टेकवत नव्हता अशी फरशी. तिनं कागदावर मीठ शिंपडलं, काच ठेवली, दहा मिनिटं मोजली आणि कागद नळाखाली धरला. निळा रंग सुरेख उमलला. कडेला मात्र चार पांढरे ठिपके होते. आपलीच बोटं लागली असतील, असं म्हणून तिनं तो वाळत टाकला.

दुसऱ्या दिवशीच्या कागदावर ठिपक्यांची बोटं झाली. चौथ्या दिवशी पूर्ण पंजा उमटला. करंगळी आत वळलेली, आकड्यासारखी. तशी करंगळी बाबांची होती, काकांची होती, तिचीही होती. तिनं आपला हात त्यावर ठेवून पाहिला. तो पंजा तिच्याहून अरुंद होता.

सहाव्या दिवशी ती गच्चीच्या दाराला टेकून बसली आणि तिनं काचेवरची नजर हलवली नाही. काचेवर काही नव्हतं, आकाशात ढगाचा तुकडा नव्हता. तरी काच आतून धुरकट होत गेली, कुणी जवळून श्वास सोडल्यासारखी. तापलेल्या केसांचा वास आला. मग पाठीमागच्या दारावर थाप पडली... सावकाश, आणखी एक. ठिणगी ताडकन उठली. थाप जिन्याकडून नव्हती. गच्चीच्या बाजूनं होती, आणि गच्चीवर ती एकटीच होती.

घाबरली ती, पण थांबली नाही. प्रदर्शनाला मोजकेच दिवस उरले होते.

अकरा कागद झाले त्या दुपारी काकूला न्हाणीघरातल्या दोरीवर ते दिसले. तिनं दोघा भावांना घरी बोलावून घेतलं. काका बूट न काढताच आत आले आणि म्हणाले, आधी हे चुलीत घाल.

"कुणाचा हात आहे हा?" ठिणगीनं विचारलं.

काकांनी बाबांकडे पाहिलं. मग बाबा म्हणाले, "ताईचा."

आपल्याला आत्या होती, हे ठिणगीला त्या क्षणी कळलं. एकोणीस वर्षांची होती. शिकायला शहरात जाते म्हणाली, म्हणून आजोबांनी तिला गच्चीवर कोंडलं. जरा उन्हात राहिली की डोकं ठिकाणावर येईल, म्हणाले. किल्ली अकरा वर्षांच्या बाबांच्या हातात दिली. मी येईपर्यंत उघडायचं नाही, का ते विचारायचं नाही. आजोबा परतले ते दिवेलागणीला.

"आम्ही दोघं जिन्यात पत्ते खेळत होतो," बाबा म्हणाले. "तीनपर्यंत ती दार वाजवत होती."

"मग?"

"मग थांबली... आम्हाला बरं वाटलं."

त्या दिवशी गच्चीवर उन्हात राहून गेलेले कोरे कागद नंतर धुतले, तेव्हा हा पंजा पहिल्यांदा उमटला होता. काका खालच्या आवाजात म्हणाले की ती मायेनं येत नाही, कुणी इथून निघालेलं तिला बघवत नाही. उद्या गवंडी बोलावून ते दारच बुजवून टाकू.

"नाही," ठिणगी म्हणाली. "एकदा तिला कोंडलंत, आता पुन्हा कोंडणार? सगळे कागद प्रदर्शनात लागतील. बारावा राहिलाय, तो आत्ता करते."

तिनं केस वर गुंडाळून त्यात पेन्सिल खोचली, कागद घेतला आणि त्यांच्याकडे पाठ केली. बाबा काहीतरी बोलत होते, ते अर्ध्यावरच थांबले. काकाही थांबले. काकूनं तोंडाला पदर लावला. अखेर यांची तोंडं बंद केली, असं वाटून ठिणगी जिना चढू लागली.

इतक्या दुपारांच्या उन्हानं तिची मान चांगली रापली होती. त्या रापलेल्या मानेवर, केसांच्या खाली, घट्ट आवळलेला एक पांढरा पंजा होता. करंगळी आत वळलेली.

वर दार उघडल्याचा आवाज आला. खाली तिघं होते तिथेच उभे राहिले. कुणीही तिला हाक मारली नाही.