पुसण्याचं बटन

“माझा हात घसरला न्हाई, साहेब. पर उद्या मला कामावरून काढतेत,” असं म्हणून वर्षाराणी रडू लागली.

बीडचे खासगी गुप्तहेर उत्तरेश्वर यांनी तिला आधी पाणी दिलं. पोरगी शिरूर कासारच्या ऊसतोड्याची. शिकून एका साखर कारखान्यात कॉम्प्युटरवर बसली होती. नोकरी गेली की आईबापामागं हातात कोयता ठरलेलाच.

कारखान्याच्या कॉम्प्युटरमधून एका अख्ख्या वस्तीची नावं तोडणीच्या पाळीतून पुसली गेली होती. कुणाची? तर चेअरमनच्या विरोधात मत देणाऱ्यांची! त्यांचा ऊस रानात उभा वाळत होता आणि खापर या पोरीवर.

“घसरला असंल की गं हात,” सहायक आप्पाराव म्हणाले. “माफी मागून मोकळी हो.”

“आप्पाराव, गाडी काढा,” उत्तरेश्वर म्हणाले.

कारखान्यात मळीचा आंबूस वास नाकात शिरला. शेतकी अधिकारी विजयसिंह हा चेअरमनचा पुतण्या. तो बोलता बोलता भिंतीवर गुटख्याची पिंक टाकत होता. शी! उत्तरेश्वरांनी रुमाल नाकाला लावला.

“हिनं घाण केली त्याच दिवशी खोलीला कुलूप घातलं,” विजयसिंहनं दार उघडलं. “किल्ली माझ्याच खिशात असते.”

प्रोग्राम लिहिणारा केदारनाथही आला होता. इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा भपकारा. त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. “‘जतन करा’ आणि ‘पुसा’ ही दोन बटनं चिकटून आहेत. माउस जरा हलला की संपलं.”

“मधे जागा का नाही सोडली?”

“पहिल्यापासून असंच आहे. दिवाळीनंतर मी इथं फिरकलेलोही नाही.”

मॉनिटरच्या काचेवर धूळ होती आणि दोन टिकल्या. हिरवी ‘जतन करा’च्या बरोबर खाली. लाल टिकली ‘पुसा’ सोडून बोटभर पलीकडं, रिकाम्या राखाडी जागेखाली.

“कपाळावरची काढून काचेला! अडाणी कुठली,” विजयसिंह हसला.

“घाईत चुकू न्हाई म्हणून लावल्या,” वर्षाराणी म्हणाली. “जतनला हिरवी, पुसायला लाल. कामाला लागले तवापासून हायेत.”

उत्तरेश्वरांनी नखानं लाल टिकली काढली. खाली धुळीत स्वच्छ गोल उमटला होता.

संध्याकाळी चेअरमनच्या केबिनमध्ये सगळे जमले.

“लाल टिकली रिकाम्या जागेखाली कोण लावेल?” उत्तरेश्वर म्हणाले. “ती लावली तेव्हा ‘पुसा’ तिथंच होतं. खालची काच स्वच्छ, म्हणजे टिकली कधीची तिथंच आहे. हललं ते बटन.”

“मॉनिटरचं चित्र सरकतं कधी कधी,” केदारनाथ घाईनं म्हणाला.

“मग हिरवी कशी जागेवर राहिली? चित्र सरकलं असतं तर दोन्ही चुकल्या असत्या.”

आप्पारावांनी आत्ता कुठं मान डोलावली. “पण साहेब, कशापायी?”

“नावं मुद्दाम पुसली होती. ती चूक वाटायला हवी, म्हणून बटनं चिकटवली. प्रोग्राम बदलता येतो फक्त केदारनाथला, तोही त्या खोलीत बसूनच. बटन आधीच सरकलं असतं तर हिनं टिकलीही हलवली असती; म्हणजे ते कुलूप लागल्यावर सरकलं आणि किल्ली तर विजयसिंहच्या खिशात. मग याला आत कोणी घेतलं?”

केदारनाथचा चेहरा उतरला. “मी फक्त एक बटन सरकवलं हो! नावं या विजयसिंहांनी पुसली.”

“गप बे!” विजयसिंह ओरडला.

“सर, जागा तुमीच ठिवली होती,” वर्षाराणी केदारनाथकडं बघत म्हणाली. “माणूस घाईत चुकतंय, म्हणून बोटभर तरी सोडावी, असं मला शिकवलं होतं तुमी.”



चेअरमन खाकरले. “पोरीची नोकरी ऱ्हाऊ द्या. बाकीचं आमी घरातल्या घरात मिटवतो.”

उत्तरेश्वर ताडकन उठले. “घरातल्या घरात? लोकांचा ऊस रानात वाळतोय आणि तुम्ही घर सांभाळताय! किळस येते तुमची.”

वर्षाराणी मात्र उठून दारापर्यंत गेली होती.

“नोकरीचं काय ते उद्या सांगा,” ती चेअरमनना म्हणाली. “आज मला त्यांची नावं परत भरायचीत. आन् कोणी पुसली हुती, ते वस्तीवर जाऊन मीच सांगणार हाय.”