कॅझ वोयतासची शेवटची तपासणी

शेगडीत आणखी एक ओंडका सरकवा नि बसा. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. ही गोष्ट डेल नायक्विस्टची, म्हणजे माझ्या मेव्हण्याची. त्यानं ती मला एकदाच सांगितली, पुन्हा कधी विषय काढू दिला नाही.

साल अठ्ठ्याऐंशी, पंधरा नोव्हेंबर, मंगळवारची रात्र. हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस, त्यामुळं आपल्याकडचे सगळे पुरुष जंगलात आणि रस्ते ओस. डेल गावातली अंत्यविधीची कामं बघायचा. त्याला फोन आला, तळ्याकाठचे कॅझ वोयतास गेले, न्यायला ये.

कॅझ आणि मी डेट्रॉइटला ऑर्डवेच्या कारखान्यात एकत्र होतो. ऑर्डवे म्हणजे त्या काळी डॉक्टरांनी नि न्यायाधीशांनी मिरवायची गाडी. तयार झालेली प्रत्येक गाडी शेवटी कॅझच्या हाताखालून जायची. बोटं मुडपून पत्र्यावर दोनदा टकटक करायचे, कान द्यायचे, मग पुढं सरकायचे. नंतर कंपनीनं काय केलं, आपल्याच स्वस्तातल्या गाडीवर ऑर्डवेचं नाव चिकटवलं आणि तीच महाग करून विकली. कॅझनी नोकरी सोडली. "असल्या गाडीत मी मेलो तरी बसणार नाही," म्हणाले. आम्ही हसलो होतो.

डेलची नवी शववाहिका नेमकी त्याच जातीची.

कॅझची बायको लिओना दारात उभी होती. तिनं नवऱ्याकडं नाही, आधी गाडीकडं बघितलं.

"डेल, ही खरी ऑर्डवे आहे ना रे?"

"काकू, पुढं नाव लिहिलंय की."

"ते दिसतंय मला. खरी आहे का, ते विचारतेय. मी त्यांना शब्द दिलाय."

डेल दमलेला. दुसरी गाडी मागवायची म्हणजे रात्र गेली. "खरी आहे, काकू. अगदी जुन्या बनावटीची."

तिनं त्याच्या हातावर थोपटलं. "मग ने त्यांना."

पाइनच्या रानातून रस्ता. बर्फ भुरभुरत होता. गिरणीचा पूल ओलांडला आणि मागून आवाज आला. टक, टक.

खडा उडाला असेल, डेलला वाटलं.

पुन्हा टक, टक. यावेळी मागच्या डाव्या दारापाशी. आतून.

त्यानं गाडी थांबवली, दिवा लावून मागं बघितलं. चादर जागच्या जागी. पट्टे आवळलेले. हात छातीवर. त्यानं पट्टे आणखी आवळले, रेडिओ मोठ्यानं लावला आणि निघाला.

रेडिओ आपोआप बंद झाला.

टक, टक... खिडकीखाली. मग शांत. कुणी कान देत असावं, इतकं शांत. टक, टक... छताला. टक, टक... त्याच्या डोक्यामागच्या, दाराशेजारच्या खांबाला.

"कॅझकाका," डेल म्हणाला. "दुसरी गाडी नव्हती हो माझ्याकडं. काकूंशी मी..."



गाडीत गारठा. काचेवर बर्फ. मागं काहीच नाही. एक मैल... दोन मैल...

मग त्याच्या पाठीवर. दोन्ही खांद्यांच्या मधोमध. बोटांची हाडं.

टक. टक.

तो हलला नाही. श्वासही घेतला नाही. मागचं जे काही होतं ते... ऐकत होतं.

गाव कधी आलं, गाडी कुणी लावली, त्याला आठवत नाही. बायकोनं, जॉइसनं, त्याला घरात घेतलं, ओले कपडे उतरवले. कोट स्वच्छ. शर्ट स्वच्छ. बनियनही स्वच्छ. खाली उघड्या पाठीवर, खांद्यांच्या मधोमध, पांढऱ्या खडूची मोठी फुली. कारखान्यात नापास गाडीवर मारायचो, तशीच. जॉइसनं ओल्या फडक्यानं पुसली, तशी फुली निघाली.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः ती गाडी बघितली. टॉर्च घेऊन, आतून, बाहेरून, खाली वाकून.

तिच्यावर कुठंच फुली नव्हती.