ड्रायव्हिंगवाली आणि सायकलवाला

बोटीतून उतरले आणि धक्क्यावरच एका सायकलला धडकले. चूक माझीच. या बेटावर औषधालासुद्धा गाडी सापडायची नाही, असं इथं राहणाऱ्या माझ्या मावशीनं बजावलं होतं. तरी सवयीनं मी मागून गाडी येतेय का ते बघत चालले होते... आणि समोरचा माणूस दिसलाच नाही.

"लागलं का?" त्यानं विचारलं.

"ब्रेकची रबरं बदला आधी."

"सायकलचं दुकान माझंच आहे."

"मग तर लाजच वाटायला हवी!"

तो हसला. गालावर ग्रीसचा डाग, डोळे मिश्कील... मला आवडला. उगाच लपवाछपवी कशाला? शहरात मी लोकांना कार शिकवते. माणूस पहिल्या वळणावरच ओळखते.

मला सायकल येत नाही हे कळल्यावर मात्र तो पोट धरून हसला. मग रोज संध्याकाळी समुद्राकाठच्या वाटेवर मी पुढे किंचाळायची, तो मागून कॅरिअर धरून धावायचा.

"हँडल सैल धरा."

"मला शिकवू नका! शिकवणं माझं काम आहे."

"मग मी काय करू?"

"...धरून ठेवा."

तो ठेवायचा. पण मनातलं बोलायचं नाव नाही! मावशी म्हणाली, "तो कसला बोलतोय? आणि बेट सोडून जायचा तर नाहीच. एकदा शहरात गेला, गाड्यांच्या भीतीनं रस्ताच ओलांडेना. तसाच परत आला."

निघायचा दिवस उजाडला. मी त्याच्या प्रेमात आकंठ बुडाले होते, आणि तो निरोपालाही आला नव्हता. बोट सुटायची वेळ झाली. छे! आपणच जाऊन विचारावं म्हणून मी बोटीतल्या बाकावरून उठणार, तोच तो धापा टाकत आला. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी. थेट बोटीत चढून माझ्या शेजारी बसला.

"कुठे निघालात?"

"तुमच्या घरी. तुमच्या बाबांना भेटायला."

"वाटेत रस्ते ओलांडावे लागतील."

"ओलांडीन... तुम्ही आहात ना."

"आणि बाबांना काय विचारणार?"

"आपल्या लग्नाचं—"

"अहो, पण आधी मला तर विचारा!"

सगळी बोट कान टवकारून ऐकू लागली. त्याचे कान लालेलाल झाले. मग त्यानं विचारलं, सगळ्यांदेखत, जराही न अडखळता. आणि मी इतक्या मोठ्यानं "हो" म्हणाले, की धक्क्यावरून मावशीनं टाळ्या वाजवल्या.