पोपटआबांचं तिकीट

पप्पू, तो मोबाइल खाली ठेव आधी. कसली जाहिरात दाखवतोयस, किल्ले आन् शिडाची बोट? बाराच माणसांचा ग्रुप? करा की बुक, मी कुठं अडवलंय. फकस्त ती शेंगांची टरफलं अंगणात टाकू नको. वैष्णवी, तू पण. माणसानं घाण कुठं करावी ह्याला काही धरबंद पाहिजे. तो सुटला की काय व्हतं, ते सांगतो. ह्यातलं दहाव्याचं आन् शेवटचं तेवढं मी डोळ्यांनी बघितलंय, बाकी अयुबनं सांगितलेलं. दौंडचा अयुब, टेम्पो ट्रॅव्हलरवाला. तुम्ही वळखता त्याला. नमाजी माणूस, दारूला शिवत न्हाई, आन् थापा मारायची त्याला सवय न्हाई.

दोन हजार चोवीस सालचा डिसेंबर. थर्टी फर्स्टच्या दोन दिवस आधी अयुब पाटसला माणसं उचलायला गेला. भाडं सत्यजीतचं. सत्यजीत म्हंजी आमच्या पोपटआबांचा पोरगा. आबांनी सारा जलम साखर कारखान्यात मळीच्या टाकीवर काढला. सुट्टीच्या दिवशी अंघोळ करून ओट्यावर बसलं तरी वास यायचा. बिचारं त्यालाच लाजायचं आन् लग्नात मागल्या पंगतीला बसायचं. त्यांची एकच हौस. समुद्र बघायचा, आन् शिडाच्या बोटीत बसायचं. पोरगं दर साली मित्र घेऊन गोव्याला. बापाला म्हणायचं, पुढल्या साली. त्या दिवाळीत आबा गेलं.

दहाव्याला आम्ही सगळी भीमेच्या काठाला. पिंडाला कावळा शिवंना. सत्यजीतनं सगळं कबूल करून बघितलं. आईला सांभाळतो म्हणला, जमीन इकत न्हाई म्हणला. कावळं लिंबावर बसून बघत्यात नुसतं. ऊन वर आलं, माणसं कुरकुरायला लागली. मग सोजराबाई, म्हंजी त्याची आई, हळूच म्हणली, "त्यास्नी समुद्र बघायचा व्हता रं." सत्यजीतनं हात जोडलं. "आबा, बोटीत बसवून समुद्र दाखवतो तुम्हाला." त्याचा हात खाली यायच्या आत कावळा शिवला. मी तिथंच उभा व्हतो.

तर ही सहल त्या शब्दासाठी. असं लोकांना सांगायचं, बरं का. बाप जाऊन दोन महिनं न्हाई झालं, थर्टी फर्स्टला बोटीवर जातोय म्हणल्यावर भावकी बोलणार. मग आबांचं नाव पुढं. दोन दिवस किल्ले, लेणी, आन् शेवटची रात शिडाच्या बोटीवर, किनाऱ्या-किनाऱ्यानं. बारा सिटांतली एक आबांची.

निघताना सोजराबाईनं आबांच्या टॉवेलात गुंडाळून नारळ दिला. अयुबच्या समोर. आपल्यात माणूस हजर नसला की त्याच्या जागी सुपारी मांडत्यात ना, तसं तिनं रीतसर पूजा करून त्या नारळात आबांना बोलावलं व्हतं. म्हणली, "ह्यात तुझा बा हाय. खिडकीपशी बसव. जेवताना त्यांचं पान वाढ. आन् लांब मोकळ्या पाण्यात नेऊन सोड. चिखलात नको." मग अयुबकडं वळली. "दादा, गाडी सावकाश चालवा. त्यास्नी वळणाला मळमळतं."

नारळ खिडकीपशी बसला तो वरवंडपतुर, पुढल्याच गावापतुर. तिथं सत्यजीतच्या एका मित्राला पाय पसरायचं व्हतं. नारळ गेला मागं, डिकीत, बाटल्यांच्या खोक्यावर.

पुढं दोन दिवस काय चाललं ते अयुब सांगत व्हता आन् माझं डोकं तापत व्हतं. पाण्यातल्या किल्ल्यावर गेलं, तोफेवर चढून रील काढलं. गुटख्याची पिचकारी कुठं, तर तटाच्या जंग्यांत. जिथनं माणसांनी जीव देऊन किल्ला राखला, त्या भोकात थुकायचं, आन् वर घोषणा द्यायची. लेण्यात बाटल्या. एकानं तर टाक्याच्या पाण्यात हात धुतलं, मटणाचं. अयुबनं एकदा म्हणून बघितलं, "भाऊ, लोक पितात हे पाणी." तर त्यालाच हसलं.

थर्टी फर्स्टच्या सांजंला बोटीवर चढलं. अयुबलाही घेतलं, आबांची जागा मोकळीच हाय म्हणून. सत्यजीतची बायको सुलक्षणा, तिनं डिकीतनं नारळ काढून उराशी धरून आणला आन् बोटीच्या पुढल्या टोकाला, टॉवेलावर ठेवला. बोटीवर ती हाकणारा तांडेल आन् त्याचा एक गडी. शीड फुगलं, बोट लांब गेली. अयुब मला म्हणतो, आप्पा, लई चांगलं वाटलं. इंजिनाचा आवाज न्हाई, नुसतं पाणी. म्हाताऱ्यानं बघायला पाहिजे व्हतं.

मग अंधार पडला. नांगर टाकला. खाणं-पिणं सुरू. आबांचं पान कुणी वाढलं न्हाई. सुलक्षणानं दोनदा आठवण केली, सत्यजीत म्हणला, वाढू की. अकराच्या सुमाराला चाखणा संपला. एक मित्र उठला, पुढं गेला आन् नारळ घेऊन आला.

"सत्या, फोडू का?"

सुलक्षणा म्हणली, "अवं, ते आबा हायेत."

सगळी सत्यजीतकडं बघायला लागली. अयुब म्हणतो, तवा जरी ह्यानं न्हाई म्हणलं असतं ना…

सत्यजीत हसला. "नारळच तर हाय. सकाळी बंदरावर दुसरा घेऊ, तो सोडू. फोड."

"आन् आत्याबाईंना काय सांगायचं?" सुलक्षणानं सासूचं इचारलं.

"दाखवला म्हणायचं."

नांगराच्या साखळीवर आपटून फोडला. पहिला तुकडा सत्यजीतनं खाल्ला. मीठ-मिरची लावून, दारूच्या घोटाबरोबर. आईनं सांगितलंय ह्यात तुझा बा हाय, आन् हा दाढेखाली धरून चावतोय. मी लई मेलेली माणसं बघितली, सडलेली पण बघितली. कवा किळस आली न्हाई. हे ऐकताना आली. करवंट्या पाण्यात भिरकावल्या.

वारा पडला.

वास आला. आधी बारीक. मग घशात बसंल इतका. मळीचा. सडक्या, आंबलेल्या मळीचा… समुद्रावर. कारखान्यापसनं इतक्या लांब. पाटसची माणसं ती, जलमापासनं त्या वासात वाढलेली. एकानंही इचारलं न्हाई कसला वास. सगळ्यांनी वळखला. आन् एकमेकांकडं बघंनात.

तवा तांडेल अयुबच्या जवळ आला. हळू आवाजात म्हणला, "पुढं टोकाला बसलेत ते म्हातारे तुमचेच ना? मागं घ्या त्यांना. डुलकी लागली तर पडतील."

अयुब म्हणला, आमच्यात म्हातारं कुणी न्हाई.

तांडेलानं पुढं बघायचं सोडलं.

अयुबनं बघितलं. आप्पा, म्हणतो, अंधार व्हता… पाठ दिसली. वाकलेली. पाण्याकडं तोंड करून. खांद्यावर टॉवेल. नुसतं बसलेलं… त्रास न्हाई कुणाला. समुद्र बघत व्हतं.

मग मान हलली. मागं वळायला लागली.

अयुबनं डोळं मिटलं. दुवा म्हणत राहिला. त्याला नुसतं ऐकू आलं. कुणीतरी उठलं. ओल्या पायांनी चाललं. सावकाश… दोघांच्या मधनं… सत्यजीतपशी थांबलं.

मग सत्यजीत ओकला.

कठड्यावर वाकून ओकला. थांबंना. डबाभर खाल्लं नसंल त्यानं, आन् बादलीभर पडत व्हतं. काळं. घट्ट. तार धरणारं. तांडेलाच्या गड्यानं बॅटरी मारली आन् लगेच बंद केली. पाण्यावर ते तरंगत न्हवतं. सरळ खाली जात व्हतं. सुलक्षणा त्याची पाठ चोळत व्हती. चोळता चोळता तिनं हात काढून घेतला… आपल्या हाताकडं बघितलं… आन् लांब जाऊन बसली. तिच्या हाताला काय लागलं, ते तिनं अजून कुणाला सांगितलं न्हाई.

उजाडल्यावर बंदरावर उतरलं. दुसरा नारळ कुणी घेतला न्हाई. त्याची आठवण काढायची कुणाची छाती झाली न्हाई. तशीच गाडीत बसून सांजंपतुर पाटसला आली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाटसला गेलो, आमच्या ऊसतोडीचं इचारायला. मला ह्यातलं काही ठाऊक न्हवतं. अयुब मला आठ दिवसांनी भेटला. ओट्यावर सत्यजीत बसलेला, तोंड उतरलेलं, व्हट फुटलेलं. सोजराबाई माझ्यासमोरच त्याला इचारत व्हती. येऊन एक रात गेली, तरी तिचं समाधान न्हवतं.

"खिडकीपशी बसवलं व्हतं ना?"

"व्हय."

"पान वाढलं?"

"वाढलं."

"लांब सोडलं ना? दिसला ना त्यास्नी नीट समुद्र?"

"दाखवला, आई. किती येळा सांगू."

सुलक्षणा दारात उभी व्हती. आत निघून गेली.

सोजराबाईनं माठातनं तांब्या भरून आणला. मी वरनं प्यालो. गार, गोड पाणी, आपलं न्हेमीचं. त्याच तांब्यातनं तिनं सत्यजीतला पेला भरून दिला. त्यानं घोट घेतला आन् थुकला.

"हे पण खारट."

"आत्ता आप्पा प्यालं की त्यातलंच. कालपसनं काय लावलंयस रं हे? चहा खारट, दूध खारट."

मला वाटलं, ताप असंल, तोंडाची चव गेली असंल. म्हणलं, आण इकडं. उष्टं तर उष्टं. त्याच्या हातातनं पेला घेतला आन् जिभंला लावला.

…

खारट. निव्वळ मीठ. घसा धरला माझा.

पेला मी उन्हात धरला. तळाला वाळू. बोटभर. बारीक, काळी… अजून फिरत व्हती, खाली बसत व्हती.

सत्यजीतनं बघितलं. मी बघितलं.

सोजराबाईनं पेला माझ्या हातनं घेतला. आत बोट घातलं. वाळू चिमटीत धरून चोळून बघितली. ती घाबरली न्हाई. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, ओट्यावरनं थोडी सरकली, आपल्या शेजारी एका माणसाची जागा केली. आन् म्हणली,

"आलं वाटतं हिंडून."